परळीच्या पाटीवरचा समुद्र

परवा नातवाला घेऊन परळी वैजनाथच्या स्टेशनवर गेलो होतो. गाडीला उशीर होता. फलाटाच्या टोकाला स्टेशनच्या नावाची पिवळी पाटी असते, ती तो वाचत उभा होता. अशा पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. त्यानं विचारलं, "आबा, समुद्राचं पाणी तर सारखं वरखाली होतं. मग सपाटी कुठली धरायची?"

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारला नव्हता. आज त्याचं उत्तर सांगतो. आपल्या बीड जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, तरी हे उत्तर आपल्या कामाचं आहे.

त्यासाठी मुंबईच्या अपोलो बंदरावर जावं लागेल. गेट वे ऑफ इंडिया १९२४ साली बांधून पूर्ण झालं. त्याच्या कितीतरी आधी, १८७८ पासून, या बंदरावर समुद्राची पातळी मोजली जाऊ लागली. हे काम भारतीय सर्वेक्षण विभागाचं. त्या काळचं यंत्र अगदी साधं असे. विहिरीसारखा एक उभा नळ पाण्यात सोडायचा आणि त्याला खाली लहानसं भोक ठेवायचं. बाहेर लाटा कितीही उसळल्या तरी भोकातून पाणी सावकाश आतबाहेर होतं. त्यामुळे नळातलं पाणी शांत राहतं आणि फक्त भरती-ओहोटीप्रमाणे चढतं-उतरतं. त्या पाण्यावर एक तरंगतं भांडं, भांड्याला तार, आणि तार कप्पीवरून नेऊन पेन्सिलीला जोडलेली. घड्याळाच्या चालीनं फिरणाऱ्या कागदावर पेन्सिल रात्रंदिवस रेघ ओढत राहते.

मुंबईत मोठ्या उधाणाच्या दिवशी ओहोटी आणि भरती यांत चार मीटरहून जास्त फरक पडतो, म्हणजे दोन पुरुषांपेक्षा अधिक. अशा वर्षानुवर्षांच्या चढउतारांची सरासरी काढली की मिळते ती समुद्रसपाटी. देशाच्या उंचीमापनासाठी मुंबई, कारवार, कोची, चेन्नई, विशाखापट्टणम, कराची अशा नऊ बंदरांवरच्या नोंदी आधाराला घेतल्या आणि १९०९ साली सगळा हिशेब जुळवला गेला. किनाऱ्यापासून दुर्बीण आणि खुणांची काठी घेऊन माणसं टप्प्याटप्प्यानं आत आली, तेव्हा कुठे देशभरच्या उंचींना पाया मिळाला.

पण सरासरी काढून हे काम संपलं नाही. नोंद चालू राहिली, म्हणून समुद्र चढतो आहे हे कळलं. उत्तर हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरच्या जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा पाणी वर्षाला सरासरी सव्वा मिलिमीटरच्या आसपास चढत आल्याचं दिसलं. १९९३ ते २०१५ या काळात हा वेग सुमारे ३.३ मिलिमीटर झाला. रोज मीटरांच्या मापानं हलणाऱ्या पाण्यात बाजरीच्या दाण्याएवढा फरक शोधायचा, तर एक-दोन वर्षांच्या आकड्यांनी भागत नाही.

आता आपल्याकडे येतो. बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा मंजरथजवळ गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी १९९९ साली मुंबईच्या या नोंदी पावसाच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. दशकांच्या हिशेबात देशावरचा पाऊस आणि मुंबईची समुद्रपातळी बरीचशी बरोबरीनं वरखाली होताना दिसली. त्यांनी मांडलेलं कारण असं : पाऊस चांगला झाला की नद्या जास्त गोडं पाणी समुद्रात नेतात. गोडं पाणी मिसळलं की किनाऱ्याचं पाणी हलकं होतं आणि पातळी थोडी चढते. पावसाळ्यानंतर हेच पाणी पूर्व किनाऱ्यानं दक्षिणेकडे जातं आणि श्रीलंकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्याकडे येतं. आपल्या पाटोदा-गेवराईवर पडलेल्या पावसाचा थेंबही त्या हिशेबात असतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर स्क्रिप्स संस्थेचा सुमारे ३३० मीटर लांबीचा धक्का आहे. तिथे १९१६ पासून रोज समुद्राच्या पाण्याचं तापमान आणि खारेपणा मोजतात. १९८८ मध्ये जुन्या लाकडी धक्क्याच्या जागी नवा बांधला, पण काम तेच राहिलं. रोज एका जागी जायचं, मोजायचं आणि लिहायचं.

हे मी इतकं का सांगतो? काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमचं सोयाबीन उभ्यानं वाळलं. पावसानं तीन आठवडे तोंड दाखवलं नाही. नेमकं तेव्हा आमच्या भागातलं पर्जन्यमापक बंद होतं. शेजारच्या मंडळात दोन सरी पडल्या होत्या, तेच आकडे आमच्या नावावर धरले गेले. विमा मिळाला नाही. शेतात भेगा पडलेल्या, पण कागदावर दुष्काळ झालाच नव्हता. नोंदीची किंमत मला पुस्तकातून नाही, त्या ऑगस्टनं शिकवली.

स्टेशनवरून आल्यावर आम्ही गच्चीवर सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा एक डबा ठेवला. डब्यात जितके मिलिमीटर पाणी उभं राहील, तितके मिलिमीटर पाऊस. हवामान खातं रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, तीच वेळ आम्हीही धरली. आमच्या डब्यावर विमा मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण यंत्र बंद पडलं तर विचारायला आपल्या हातात काहीतरी असेल. प्रत्येक शाळेनं एवढं केलं तरी गावाजवळ स्वतःचा आकडा राहील.

नातू वहीत रोज लिहितो. पाऊस पडला की धावत जातो. कोरड्या दिवसांचा मात्र त्याला कंटाळा येतो. "आबा, आज काहीच नाही, मग काय लिहू?" असं विचारतो. मी म्हणतो, "शून्य लिही. तारीख घाल आणि शून्य लिही."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)