समुद्राचा वास, १२४ प्रकाशवर्षं दूर?

हेडफोन लावलेत ना? आज जरा लांब जाऊया.

एप्रिल २०२५ मध्ये तुमच्याही फोनवर एक फॉरवर्ड आला असेल: 'दुसऱ्या ग्रहावर जीवसृष्टी सापडली!' खरंच सापडली? नाही. पण जे दिसलं, तेही भारी आहे.

ग्रहाचं नाव के२-१८ बी. वस्तुमान पृथ्वीच्या आठपटीहून जास्त, आणि वर्ष फक्त ३३ दिवसांचं. म्हणजे तो आपल्या ताऱ्याच्या अगदी जवळ फिरतो. पण तारा छोटा, मंद, लालसर. त्यामुळे ग्रहाला ऊब मिळते साधारण पृथ्वीइतकीच.

आता तिथली हवा इथे बसून तपासायची कशी? ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा थोडा प्रकाश त्याच्या हवेतून गाळून आपल्यापर्यंत येतो. प्रत्येक वायू प्रकाशातले ठरावीक रंग शोषतो. कुठले रंग गायब आहेत ते बघायचं, की वायू ओळखता येतो. अशा रीतीने जेम्स वेब दुर्बिणीतून तिथला मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दिसला. ही बातमी २०२३ ची.

मग २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या टीमने सांगितलं, की डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्यासारखाच दुसरा वायू तिथे असावा. समुद्रकिनारी जो खास वास येतो ना, त्यात हा वायू असतो. पृथ्वीवर तो मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांमुळे तयार होतो. म्हणून एवढी खळबळ!

पण इथे दोन 'पण' आहेत.

पहिला: सिग्नल 'तीन सिग्मा'चा होता. म्हणजे वायू नसतानाही निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता हजारात तीन. ऐकायला पक्कं वाटतं, पण शोध लागला म्हणायला शास्त्रज्ञ 'पाच सिग्मा' मागतात, म्हणजे साधारण १७ लाखांत एक. शिवाय इतर टीम्सनी तीच निरीक्षणं पुन्हा तपासली, तेव्हा त्यांना ठोस पुरावा दिसला नाही.

दुसरा: हाच वायू एका धूमकेतूवरही सापडलाय. तिथे कुठला समुद्र आणि कुठले जीव! म्हणजे जीवांशिवायही तो बनतो.

मग सगळं फुकट? अजिबात नाही. इतक्या लांबची हवा आपण तपासू शकतो, हेच केवढं मोठं आहे. फक्त पुढचा फॉरवर्ड आला की दोन प्रश्न विचारा: सिग्नल किती पक्का? आणि जीवांशिवाय हे घडू शकतं का?

उत्तरं मिळाली की मगच शेअर करा. भेटू पुढच्या भागात!