अनामिकेचं माप

साखरपुड्याला तीन आठवडे उरले असताना भाचा माझ्याकडे आला तो मोबाइलमध्ये चाळीसेक अंगठ्यांचे फोटो साठवून. "मावशी, यातली कुठली घेऊ?" हिऱ्याचा रंग, शुद्धता, पैलू, वजन, सगळं त्याला पाढ्यांसारखं पाठ. मी विचारलं, "तिच्या बोटाचा नंबर काय?" तो गप्प. मग म्हणाला, "सरप्राइज आहे ना."

ही चूक काही आजची नाही. कालिदासाच्या दुष्यंतानं आपल्या नावाची अक्षरं कोरलेली अंगठी शकुंतलेच्या बोटात घातली. शचीतीर्थाच्या पाण्याला वंदन करताना ती गळून पडली, माशानं गिळली आणि पुढचं महाभारत घडलं. (गोष्ट मुळात महाभारतातलीच, पण तिथं अंगठी नाही, ती कालिदासाची भर.) सगळे दुर्वासांच्या शापाला दोष देतात. मला मात्र वाटतं, राजाच्या बोटाची अंगठी आश्रमातल्या मुलीला सैलच होत असणार.

ज्या बोटात साखरपुड्याची अंगठी जाते त्याला आपण अनामिका म्हणतो, नाव नसलेलं बोट. धर्मकार्यात दर्भाचं पवित्रक घालतात तेही याच बोटात. या बोटापासून एक शीर थेट हृदयाला जाते, अशी समजूत जुन्या रोमन लेखकांनी नोंदवून ठेवली आहे. अशी खास शीर कुठल्याही शरीरशास्त्राला सापडलेली नाही, पण दागिन्यांच्या जाहिरातींतून ती अजून वाहते आहे. हेच रोमन लोक वाग्दत्त वधूला काय पाठवत? पहिल्या शतकातला प्लिनी लिहितो: लोखंडाची अंगठी, तीही बिनखड्याची.

आपल्याकडे तर विधीच्या नावातच साखर आहे. वाङ्निश्चय म्हणजे शब्द देणं. त्याची खूण म्हणून मुलाकडच्या बायका मुलीला कुंकू लावत, साडी देत, ओटी भरत आणि हातात साखरेचा पुडा ठेवत. मंगळसूत्र आणि जोडवी या लग्न झाल्याच्या खुणा. लग्न ठरल्याची खूण तोंडात विरघळून जायची. अंगठी या घरात उशिरा आलेली पाहुणी आहे. आता मात्र मधल्या खुर्चीवर तीच बसते आणि पुडा कोपऱ्यातल्या टेबलावर फोटोपुरता उरतो.

हिऱ्याबद्दल तर आपले जुने जाणकार सावधच होते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त हिऱ्याची परीक्षा सांगितली आहे. पुत्राची इच्छा असलेल्या स्त्रियांनी हिरा वापरू नये, असं काही जाणत्यांचं मत तो तिथंच नोंदवतो. आजही घरातलं कोणी वडीलधारं 'हिरा लाभतो का बघा' म्हणतंच. गंमत अशी की, युरोपातल्या ज्या अंगठीकडे हिऱ्याच्या वाग्दान-अंगठ्यांचं मूळ म्हणून बोट दाखवतात, ती १४७७ची. ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियननं बर्गंडीच्या मेरीला दिलेली. त्या काळी युरोपात जाणारे हिरे जवळपास सगळे हिंदुस्थानातलेच. पुढं सतराव्या शतकात तावेर्निये हा फ्रेंच व्यापारी कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीवर गेला, तेव्हा तिथं साठ हजार माणसं खपत होती, असं त्यानं लिहून ठेवलंय. खणणारे आपण, घालणाऱ्या तिकडच्या राण्या.

सामान्य माणसाच्या बोटात हिरा आला तो फार पुढं, आणि त्याचं कारण प्रेम नव्हे, पुरवठा. १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेत हिरे इतके निघू लागले की भाव कोसळायची भीती निर्माण झाली. १८८८ साली सेसिल ऱ्होड्सनं खाणी एका छत्राखाली आणून डी बीअर्स कंपनी उभी केली. माल किती सोडायचा हे तिच्या हातात आलं; गिऱ्हाईकाच्या मनात हौस उत्पन्न करणं बाकी होतं. ते काम १९३८ साली एन. डब्ल्यू. आयर या अमेरिकी जाहिरात संस्थेकडे गेलं. १९४७ मध्ये तिथल्या फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेनं चार शब्दांच्या घोषवाक्यात हिऱ्याला चिरंतन करून टाकलं. तिनं स्वतः कधी लग्न केलं नाही. आपल्याकडे तीच ओळ पुढं हिंदीत टीव्हीवरून घरोघर पोचली.

मला सर्वांत बोलकं वाटतं ते जपानचं उदाहरण. एडवर्ड जे एपस्टाइन या पत्रकारानं १९८२ साली 'द अटलांटिक' मासिकात त्याचा हिशेब मांडला. १९६७ मध्ये लग्न ठरलेल्या जपानी मुलींपैकी पाच टक्क्यांनाही हिऱ्याची अंगठी मिळत नव्हती. १९८१ पर्यंत सुमारे साठ टक्के नववधूंच्या बोटात ती होती. ज्या समाजात लग्न ठरवण्याचे स्वतःचे विधी होते, तिथं चौदा वर्षांत नवी परंपरा रुजली! अंगठीवर किती महिन्यांचा पगार खर्चावा हेही जाहिरातींनीच ठरवलं: अमेरिकेत दोन महिन्यांचा, जपानात तीन. भाचाही कुठंतरी वाचलेला हाच 'नियम' सांगत होता.

मग हिरा घेऊच नये का? मी तसं म्हणत नाही. जगातले बहुतेक हिरे आज सुरतेत पैलू पाडून घेतात आणि मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समधून हिंडतात. त्यामुळे हिरा परका म्हणण्यातही अर्थ नाही. फक्त जाहिरातीनं आपल्याला खडा बघायला शिकवलं, अंगठी बघायला नाही.

हे सराफाच्या पेढीवर बसलं की कळतं. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, शंभर सेंट. एक कॅरेटचा गोल हिरा साडेसहा मिलिमीटर रुंद दिसतो, पन्नास सेंटचा पाचाच्या जरा वर. वजन निम्मं झालं तरी रुंदी पाचवा हिस्साच घटते. किंमत मात्र निम्म्याहून बरीच खाली येते. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा घेतला तर आणखी कितीतरी खाली. तोही कार्बनच, नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, यंत्र लागतं. जून २०२३ मध्ये पंतप्रधान मोदींनी जिल बायडन यांना साडेसात कॅरेटचा असाच हिरा भेट दिला, तेव्हापासून आपल्या दुकानांत त्याविषयी उघडपणे विचारणा होऊ लागली. मोडीला त्याचे पैसे जवळजवळ येत नाहीत, हे मात्र घेतानाच धरून चालावं. खाणीतला लहान हिराही मोडताना बिलाएवढा भाव आणत नाही. गुंतवणूक म्हणून घ्यायचं तर सोनं बरं.

सोन्यातही एक गोम आहे. बावीस कॅरेट मऊ, त्यात खडा डळमळतो. म्हणून हिऱ्यासाठी अठरा कॅरेट, म्हणजे ७५० शिक्क्याचं. हॉलमार्कवर सहा आकडी-अक्षरी एचयूआयडी हा ओळख-क्रमांक बघावा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे दागिने त्याच्याशिवाय विकता येत नाहीत. पण दोन ग्रॅमहून हलक्या दागिन्याला सक्ती नाही, आणि नाजूक अंगठ्या नेमक्या तिथंच बसतात! बिलात खड्याचं वजन वेगळं आणि निव्वळ सोनं वेगळं लिहून घ्यावं, घडणावळही.

आणि कोंदण. हिरा वर उचलून सहा नख्यांत धरायची तऱ्हा टिफनीनं १८८६ मध्ये बाजारात आणली. खालून उजेड जातो म्हणून हिरा झळाळतो, आणि ओढणीपासून केसांपर्यंत सगळ्यात अडकतो. भाच्याच्या चाळिसापैकी तीस अंगठ्या या जातीच्या होत्या. त्याची होणारी बायको रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. दिवसातून वीस वेळा हातमोजे चढवते, उतरवते.

"तिला घेऊन ये," मी म्हटलं. सरप्राइज गेलं म्हणून तो दोन दिवस रुसला, मग घेऊन आला.

पेढीवरच्या काकांनी मापाच्या कड्यांचा जुडगा काढला. आपल्याकडचा नंबर साधा असतो: कडीचा आतला घेर मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि चाळीस वजा करायचे. तिला बारा नंबर सहज गेला, पण काढताना पेरावर अडला. "सकाळी मापलंत तर बारा, संध्याकाळी तेरा," काका म्हणाले. "बोटं फुगतात ताई, उन्हाळ्यात तर जास्तच. पट्टी रुंद घेतलीत तरी तेराच." तिनं तेरा ठरवला. मग तीस सेंटचा हिरा, चारी बाजूंनी सोन्याच्या कडेत बुडवलेला, बोटाला लागून बसणारा. फोटोंतल्या एकाही अंगठीसारखी ती नव्हती. तिनं पर्समधून हातमोजा काढला, अंगठीवरून चढवला, मूठ दोनदा उघडली-मिटली.

"चालेल," ती म्हणाली आणि कड्यांचा जुडगा भाच्यासमोर धरला. "आता तुझा नंबर सांग."

त्याला तोही माहीत नव्हता.