लांब शब्दाला भिऊ नका

इंग्रजीच्या तासाला मी प्राण्यांच्या तक्त्यावरचा एक शब्द वाचायला उठलो आणि मध्येच अडकलो. सगळा वर्ग हसला. मी गप खाली बसलो. तो शब्द होता हिप्पोपोटॅमस. मग बाईंनी तो फळ्यावर फोडून दाखवला. तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी टाळ्या वाजवा. एका तुकड्याला एक टाळी. हि, प, पॉ, ट, मस. टाळ्या झाल्या पाच. लिहायला १२ अक्षरे लागतात, पण बोलायचे तुकडे ५ च.

आता जोर कुठे द्यायचा ते बघू. मराठीत आपण सगळे तुकडे जवळजवळ सारख्याच जोराने म्हणतो. इंग्रजीत तसं चालत नाही. तिथे एक तुकडा ठासून म्हणतात. या शब्दात तो तिसरा, म्हणजे बरोबर मधला 'पॉ'. पहिल्यावर थोडा जोर असतो. दुसरा आणि चौथा अगदी हलके. प्राण्याचं पोट मध्येच असतं ना? मधल्या पोटावर जोर, असं मी ध्यानात ठेवलं. ही नुसती आठवणीची खूण आहे, अर्थ नव्हे.

अर्थ वेगळाच आहे. हा शब्द मूळचा ग्रीक भाषेतला. 'हिप्पोस' म्हणजे घोडा आणि 'पोटॅमोस' म्हणजे नदी. दोन्ही जोडून झाला नदीचा घोडा. मेसोपोटेमिया या नावातही हीच नदी आहे. त्याचा अर्थ नद्यांच्या मधला देश. लोक थोडक्यात 'हिप्पो' म्हणतात, तेव्हा नदी गळून जाते आणि नुसता घोडाच उरतो!

हा प्राणी आफ्रिकेत राहतो. दिवसा पाण्यात बसतो, रात्री बाहेर येऊन गवत खातो. नाव घोड्याचं असलं तरी तो घोड्याच्या जातीचा नाही. त्याचा जवळचा नातेवाईक देवमासा आहे.

घरी आईला हे सांगितलं. आई इंग्रजी शिकलेली नाही. ती म्हणाली, "मग आपला पाणघोडा तरी काय वेगळा आहे? पाणी आणि घोडाच की!" मी बघतच राहिलो. ग्रीक लोकांनी घोडा आधी ठेवला, आपण पाणी आधी ठेवलं, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी मी तो शब्द न अडकता वाचला. कोणी हसलं नाही. मित्रांनो, लांब शब्द आला की आधी टाळ्या वाजवा, मग जोर शोधा, मग तो फोडून बघा. आज शाळेत आलेल्या आईवडिलांनीही पाच टाळ्या वाजवून बघाव्यात.

इयत्ता ४ थी