बासरच्या लॉजवर बनवलेला कर्नल

वसंत पंचमीला भाचीच्या अक्षराभ्यासासाठी आम्ही नांदेडहून रेल्वेने बासरला गेलो होतो. आदल्या रात्री सगळे झोपल्यावर मी बाबांचा जुना, २ जीबी रॅमचा लॅपटॉप उघडला. त्यात लिनक्स होतं. ते हलकं व्हावं म्हणून स्वतः कर्नल बनवायचं मनात होतं.

'मेक मेनूकॉन्फिग' म्हटलं की हजारो पर्याय समोर येतात. 'वाय' म्हणजे तो भाग कर्नलमध्येच, 'एम' म्हणजे लागेल तेव्हा जोडायचं मॉड्यूल, 'एन' म्हणजे नकोच. मी भराभर 'एन' देत सुटलो, ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमला 'एम' दिलं आणि इनिट्रॅमएफएसही बनवलं नाही. पहाटे तीनला रीस्टार्ट केलं, तर कर्नल पॅनिक! डिस्क वाचणारं मॉड्यूल डिस्कवरच, म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. आत बाबांचे सोसायटीचे सगळे हिशेब. (आणि मी म्हणे बीई!)

नशीब, जुना कर्नल पुसला नव्हता. तुम्ही करून पाहाल तेव्हा तोही ठेवाच. ग्रबच्या यादीतून तो निवडला, ईएक्सटी४ला 'वाय' केलं, पुन्हा 'मेक' लावलं आणि देवळाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

दुपारी भाची पाटी मिरवत असताना बाबांनी लॅपटॉप उघडला. "आज लवकर सुरू झाला रे," ते म्हणाले. रात्रीचं मी काही बोललो नाही.