मुरूम लागेपर्यंत

पहाटे साडेपाचला कारेगावात मिक्सर सुरू होतो. रांजणगाव एमआयडीसीचे दिवे अजून विझलेले नाहीत. मे महिना आहे, उन्हाचा चटका बसायच्या आत स्लॅबचं मोठं काम उरकायचं आहे. खाली सहा खोल्या होऊन भाड्याने गेल्यात. आज भरतोय तो वरच्या सहा खोल्यांवरचा स्लॅब. कंपन्यांमध्ये विदर्भ-मराठवाड्यातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली पोरं या खोल्यांमध्ये राहतात. त्यांच्या पगाराच्या तारखेवर इथल्या कितीतरी घरांचं आता चालतं. बाजरीच्या रानात कंपन्या आल्या आणि उरलेल्या रानात अशा खोल्या उगवल्या.

घरमालकीण नारळ घेऊन येते. मिक्सरला हळदकुंकू लावते, झेंडूचा हार घालते.

“मिस्तरी, तुमीच फोडा.”

“मावशी, मालकानं फोडायचा असतो.”

“फोडा म्हणते ना.”

मिस्तरी चपला काढतो, नारळ फोडतो, पाणी पहिल्या घमेल्यावर शिंपडतो. हा माणूस मूळचा बिहारच्या पूर्व चंपारणातला, मोतिहारीकडचा. सेंटरिंगच्या फळ्या उचलायला म्हणून आला होता. आता त्याच्या हाताखाली दोन टोळ्या आहेत आणि कारेगाव-ढोकसांगवी पट्ट्यात “घर बांधायचंय” म्हटलं की त्याचं नाव निघतं.

लिफ्टवरून माल वर येऊ लागतो. बायकांची घमेल्यांची रांग लागते, व्हायब्रेटरचा आवाज कानात बसतो. मीही शिडीने वर जातो. मिस्तरी कुणाशी बोलत नाही, सळईकडे बघत फिरतो. एकदम हात वर करून ओरडतो, “मिक्सर बंद!”

गॅलरीच्या जागी कुणाच्या तरी पायाने वरची सळई दबलीय, पार तळाला टेकलीय. मला त्यात विशेष काही दिसत नाही. तो उकिडवा बसतो आणि दाखवतो. खोलीच्या स्लॅबला मध्यभागी ताण खालून येतो, म्हणून तिथे सळई खाली. गॅलरी बाहेर लोंबती असते, तिला ताण वरून येतो, म्हणून इथे सळई वरच राहिली पाहिजे. ती खाली गेली तर असून नसल्यासारखी. माल पडला की हे कुणाला दिसणार नाही. दिसेल ते काही वर्षांनी, गॅलरीत चार माणसं उभी असताना. तो स्वतः सळई उचलतो, खाली वाकवलेल्या सळईच्या चेअर सरकवतो, बांधणीची तार पिळतो. मग पुन्हा हात वर करतो आणि मिक्सर फिरू लागतो.

थोड्या वेळाने तो खाली वाकून मिक्सरवाल्याला दम देतो. माल पातळ झाला की लवकर पसरतो, म्हणून पोराने एक बादली जास्तीची ओतलीय. “पानी कम! सिमेंट धुऊन टाकतो का?” मराठी-हिंदी एकत्रच येतं तोंडातून. मावशींशी बोलताना मात्र शुद्ध शिरूरकडचं.

धंदा सुरू कसा केला, हे तो कामाच्या अधेमधे सांगतो. भांडवल नव्हतं. ज्या ठेकेदाराकडे तो कामाला होता, तो याच मावशींचं खालचं काम अर्धवट टाकून निघून गेला. भिंती लिंटलपर्यंत आल्या होत्या, मजुरांचे पैसे अडकले होते. टोळी पांगली, हा थांबला. मावशींनी विचारलं, “तू करशील का?” हा हो म्हणाला आणि रात्रभर झोपला नाही. सिमेंटच्या दुकानात मावशी स्वतः गेल्या, “माझ्या नावावर दे” म्हणाल्या. तेवढ्या एका वाक्यावर त्याचा धंदा उभा राहिला. परमुलखातल्या माणसाकडे ना चुलता, ना सोयरा, ना गावकीतलं कुणी. उधारी मागायला जामीन लागतो. पहिलं काम नीट झालं तर तेच पुढच्या कामाचा जामीन होतं, बिघडलं तर गाडी तिथेच थांबते. आपल्या माणसाचं एखादं काम फसलं तर गाव सांभाळून घेतं. बाहेरच्याला ती मुभा नसते. मला वाटतं, त्याच्या डोळ्यात तेल घालून बघण्यामागे कौशल्याइतकीच ही जाणीव आहे.

साडेअकराला स्लॅब पुरा होतो. मावशींच्या अंगणात पंगत बसते. मटणाचा रस्सा, भाकरी, ज्यांना चालत नाही त्यांना जिलबी आणि बटाट्याची भाजी. जेवणाआधी मिस्तरी हजेरीची वही काढतो. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंद व्हायची तर वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ही अट १९९६ च्या कायद्यापासूनची. पण मजूर आज एका ठेकेदाराकडे, पुढच्या महिन्यात दुसऱ्याकडे. सही द्यायला कुणी तयार नसतं. नव्वद दिवस घाम गाळूनही कागदावर एक दिवस लागत नाही. हा सही देतो. टोळीतल्या लमाण बायांची नावं तो एकेक करून वाचतो, त्या “हां” म्हणतात. कलबुर्गीकडच्या आहेत त्या. मुलांच्या शाळेची मदत, दवाखान्याची मदत या एका सहीवर अडून असते. हे काम मला सकाळच्या स्लॅबइतकंच मोलाचं वाटतं.

“उद्या उजाडताच आळी घाला,” तो मुकादमाला बजावतो. “टँकर सांगितलाय. स्लॅबवर पाणी तुंबलेलं दिसलं पाहिजे. दुपारी सुकला तर मला फोन नको, मीच येतो.”

मग आम्ही त्याच्या पिकअपमधून दौंड तालुक्याकडे निघतो. आज त्याला भीमेपलीकडे पहिलं काम मिळण्याची शक्यता आहे.

न्हावऱ्यापर्यंत माळ भाजून निघालेला. पुढे उसाची हिरवी रानं सुरू होतात आणि पारगावच्या पुलावर भीमा दिसते. वर रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा तिला मिळालेली असते. पुण्याचं सांडपाणी पोटात घेऊन आलेली. पाण्याचा रंग आणि वास ते लपवत नाही. काठाकाठाने वीटभट्ट्या. गुऱ्हाळांची धुराडी. यातली बरीच गुऱ्हाळं उत्तर प्रदेशातून आलेली माणसं भाड्याने घेऊन चालवतात. मिस्तरी एकाला हात करतो, तोही चिमटा वर करतो.

“तुमची स्वतःची जागा झाली का?” मी विचारतो.

तो गियर बदलतो. कारेगावात ज्या खोलीत तो राहतो ती त्यानेच बांधलीय आणि तिचं भाडं भरतोय. जागा बघितल्या, पण बहुतेक शेतीतल्या. १९४८ च्या कुळकायद्याने शेतकरी नसलेल्याला इथे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. १९४७ च्या तुकडेबंदीने शेतीतला गुंठा-गुंठा तोडून विकायलाही बऱ्याच ठिकाणी अडसर. तरी विक्री चालते, स्टँपवर, नोटरी करून. सातबाऱ्यावर नाव चढत नाही आणि कंपनीतल्या पोरांची आयुष्याची कमाई त्या कागदात बुडते. त्याने चार वेळा नाही म्हटलंय. “खरेदीखत होणार असेल, एनए असेल, तर घेईन. नाहीतर भाडं बरं.” बाकी सगळ्यांना घाई असलेल्या या पट्ट्यात असा नकार द्यायला हिंमत लागते.

केडगाव येतं. मुक्ती मिशनच्या दगडी भिंती बघून मी गाडी जरा हळू घ्यायला सांगतो. हे मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईही इथल्या नव्हत्या. १८५८ साली गंगामूळला, आजच्या कर्नाटकात, त्यांचा जन्म. बंगाल, इंग्लंड, अमेरिका पाहून आलेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या. पुण्यात प्लेगची धास्ती, म्हणून त्यांना या उघड्या माळावर आणलं. आधी छपरं, मग दगडी इमारती. १९२२ मध्ये त्या इथेच गेल्या. मिस्तरीला हे मी सांगतो. तो भिंतीकडे बघतो आणि म्हणतो, “जोड बघा दगडाचे. घाई नाही केलेली.”

काम आहे केडगावच्या पुढे, एका शेतकऱ्याच्या बिनशेती प्लॉटवर. मुलगा मस्कतला नोकरी करतो, पैसा तो पाठवणार. बाबा पांढऱ्या टोपीत वाट बघत उभे आहेत. जेसीबी आलेला आहे.

“शेजारच्यानं तीन फुटात पाया बसवलाय,” बाबा सुरुवात करतात. “त्या ठेकेदाराचा दर कमी हाय.”

मिस्तरी उत्तर देत नाही. शेजारच्या घराकडे चालत जातो, आम्ही मागे. नवीन रंगाचं घर. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग तिरकी वर गेलीय, तिच्यात नख सहज जातं. बाबा आपलं नख घालून बघतात. इथली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. आत्ताही रानात पाऊल मावेल एवढ्या भेगा पडल्यात. त्या फुगणाऱ्या मातीवर पाया ठेवला की घर दरसाल वरखाली होतं.

जेसीबी खड्डा घेतो. चार फुटांपर्यंत काळी. पुढे पिवळसर, चिकट चोपण. मिस्तरी मान हलवतो, “अजून.” बाबांचा चेहरा उतरतो, प्रत्येक फूट म्हणजे पैसा. त्यांनी मस्कतला व्हिडिओ कॉल लावलाय. मोबाइलच्या पडद्यावर हेल्मेट घातलेला मुलगा डोळे बारीक करून बघतोय. तोही तिकडे बांधकामावरच आहे.

साडेसहा फुटांवर बकेट खरवडल्याचा आवाज येतो. मिस्तरी खड्ड्यात उतरतो, पहार मारतो, मूठभर मुरूम वर घेऊन येतो. बाबांच्या हातावर ठेवतो. बाबा तो अंगठ्याने चुरायचा प्रयत्न करतात. चुरत नाही.

“दर काय पडंल?” फोनमधून मुलगा विचारतो.

“दादा, आज नाही सांगत. आज सांगितला तर तो खोटा असेल.”

“मग शेजारच्या ठेकेदारानं कसा सांगितला?”

“त्यानं खड्डा घेतला नव्हता.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मुलगा म्हणतो, “बाबा, ह्यांनाच देऊ.”

बाबा खिशातून पाकीट काढायला जातात. मिस्तरी त्यांना थांबवतो. एका कोपऱ्यात साडेसहाला लागला म्हणून समोरच्या कोपऱ्यात तेवढ्यावरच लागेल, असं नाही. त्या बाजूला ओढा आहे, तिकडे गाळ खोल असू शकतो. तो सुतळी आणि टेप मागतो, जेसीबीवाल्याला हात करतो.

“समोरच्या कोपऱ्यात घ्या. मग बोलू.”