गावचे पीक आणि शाळेचे ताट

मधल्या सुटीत मुले घरचे डबे उघडतात, तेव्हा एक गोष्ट शिक्षकांच्या पुष्कळदा दृष्टीस पडते. ज्याच्या डब्यात दुकानातील बिस्किटे असतात, तो मुलगा डबा ऐटीने पुढे ठेवतो; ज्याच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि तांदुळजाची भाजी असते, तो झाकण अर्धेच उघडून खाली मान घालून जेवतो. ही लाज त्याला कोणत्याही पुस्तकाने शिकवलेली नसते. मोठ्यांच्या बोलण्यातून ती त्याच्या मनात उतरलेली असते. ती दूर करणे बऱ्याच अंशी शिक्षकाच्या हाती आहे, आणि त्यासाठी उपदेशापेक्षा माहितीच अधिक उपयोगी पडेल.

प्रथम धान्यांचा विचार करू. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच सडलेल्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. हाडे व दात यांची वाढ होत असलेल्या वयात हा फरक लहान नव्हे. बाजरीत लोह सडलेल्या तांदळाच्या कितीतरी पट अधिक असते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी शेकडा ६७ मुलांत रक्तक्षय आढळला. हीच मुले पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. मूल लवकर थकते, धड्यात त्याचे लक्ष लागत नाही, याचे कारण नेहमी आळसच असते असे नाही.

भाजीची गोष्ट याहून सोपी आहे. पालेभाजी तोडल्यापासून जसजसा वेळ जातो, तसतसे तिच्यातील 'क' जीवनसत्त्व कमी होते. सकाळी मळ्यातून तोडलेली मेथी दुपारी शिजली, तर ती शहराच्या बाजारातून दोन दिवसांनी फिरून आलेल्या मेथीपेक्षा चांगली असणारच. शिवाय हंगामात गावात भाजी उदंड येते, म्हणून ती स्वस्त मिळते. तिच्यावर गाडीभाडे, हमाली व दलाली यांचा बोजा नसतो. शेवग्याचा पाला तर बहुतेक गावांत दाराशीच असतो. त्यात कॅल्शियम व 'अ' जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य ही दोन्ही विपुल असतात. तरी तो पुष्कळदा वायाच जातो.

यातील पैशाचा भाग मुलांना गणिताच्या तासाला दाखवता येईल. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलासाठी दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे. शाळेत ४० मुले असतील, तर रोज २ किलो भाजी लागेल. वर्षात २०० दिवस आहार शिजला, तर ही भाजी ४०० किलो, म्हणजे ४ क्विंटल होईल. ती गावातील भाजी पिकवणाऱ्या बायांकडून घेतली, तर तेवढे पैसे गावातच राहतील, आणि त्यांतूनच कोणाची वही, कोणाची चप्पल येईल. हा हिशेब मुलांनी स्वतः फळ्यावर मांडावा.

जमिनीच्या दृष्टीनेही याला महत्त्व आहे. सोलापूरकडील काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी बव्हंशी जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर येते. कणीस माणसाला आणि कडबा जनावराला मिळतो. जनावराचे शेण पुन्हा त्याच शेतात जाते. गावाने ज्वारी खाणे सोडले की पेरा कमी होतो, आणि पेऱ्याबरोबर चाराही आटतो. गावचे वाण टिकवण्याचे काम किती मोलाचे आहे, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे (तालुका अकोले) येथील राहीबाई पोपेरे यांच्या उदाहरणावरून दिसते. शाळेत जाण्याची संधी न मिळालेल्या या बाईंनी घरोघरच्या भाज्यांचे व धान्यांचे गावरान बियाणे जमवून जपले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

मात्र धान्यभाजी चांगली असूनही शिजवण्यात चूक झाली, तर लाभ वाया जातो. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतल्यास सत्त्व पाण्याबरोबर जाते. भाजी थोड्या पाण्यात, झाकण ठेवून शिजवावी आणि ते पाणी फेकू नये. वाढताना वर लिंबू पिळल्यास भाजीतील व धान्यातील लोह शरीराला अधिक लागू पडते. उलट जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते कमी लागू पडते. बाजरीच्या पिठात स्निग्धांश असल्यामुळे ते लवकर कडवट होते. म्हणून चार-पाच दिवसांपुरतेच दळून आणावे.

याचा अर्थ बाहेरचे सर्व वाईट आणि गावचे सर्व चांगले असा नव्हे. आयोडीनयुक्त मीठ दुकानातूनच आणावे लागते, व ते आणलेच पाहिजे. सांडपाण्यावर वाढलेली किंवा फवारणी होऊन पुरते दिवस न लोटलेली भाजी गावची असली तरी घेऊ नये. तांदूळ व गहू यांनाही ताटात स्थान आहेच. फक्त त्यांच्यापुढे भाकरीने मान खाली घालण्याचे कारण नाही.

शिक्षकांना यासाठी निराळा खर्च करावा लागणार नाही. मुलांकडून गावातील पिकांची व भाज्यांची महिनावार यादी करून घ्यावी आणि ती वर्गात लावावी. हात धुण्याचे पाणी जिथे वाहून जाते, तिथे अळू व शेवगा लावावा. आठवड्यातून एकदा स्वयंपाकीणबाईंना वर्गात बोलावून एखाद्या भाजीची माहिती सांगण्याची विनंती करावी. आणि सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे शिक्षकांनी स्वतः मुलांच्या पंक्तीस बसून भाकरी आवडीने खावी. त्यानंतर डब्याचे झाकण पूर्ण उघडण्यास मुलाला कोणी सांगावे लागणार नाही.