ओरिजिनल, लोकल आणि मधला डबा

‘ओरिजिनल टाकू का लोकल?’ चेलाडी फाट्यापासून वेल्ह्यापर्यंत किंवा कापूरहोळपासून भोरपर्यंत, रस्त्याकडेच्या कुठल्याही गॅरेजात गाडी लावा, पहिला प्रश्न हाच येतो. गाडीवाला मनातल्या मनात खिसा चाचपतो, गाडीचं वय आठवतो आणि ‘लोकलच टाका, पण जरा बरा बघून,’ असं म्हणून मोकळा होतो. गाडी नवी असेल तर ताठ मानेने ‘ओरिजिनलच’. दोन्ही उत्तरं फसू शकतात, कारण मुळात प्रश्नच अपुरा आहे. दुकानाच्या फळीवर दोन नव्हे, चार जातींचा माल असतो.

पहिला, गाडीच्या कंपनीचं चिन्ह असलेल्या डब्यातला. दुसरा, तोच पार्ट गाडीच्या कंपनीला पुरवणाऱ्या कारखान्याने स्वतःच्या नावाच्या डब्यात घालून विकलेला. तिसरा, गाडीच्या कंपनीला काहीच न पुरवणाऱ्या, पण स्वतःच्या नावावर माल काढणाऱ्या उत्पादकाचा. हा चांगला असतो, तसा टाकाऊही असतो. आणि चौथा, दुसऱ्याच्या नावाचा डबा छापून विकलेला डुप्लिकेट. बोलताना आपण दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्याला एकाच दावणीला बांधून ‘लोकल’ म्हणतो. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

गैरसमज : ओरिजिनल म्हणजे गाडीच्या कंपनीने स्वतः बनवलेला

गाडीची कंपनी गाडी आखते, बॉडी उभी करते, बऱ्याचदा इंजिनही बनवते. पण ब्रेक, बेअरिंग, शॉकॲब्सॉर्बर, फिल्टर, दिवे, काचा, इंजेक्टर यातलं बहुतेक बाहेरून येतं. याचा पुरावा शोधायला पुणे जिल्ह्याच्या माणसाला लांब जावं लागत नाही. चाकणला गॅब्रिएलचे शॉकॲब्सॉर्बर तयार होतात, तिथेच ब्रेम्बोचे ब्रेक. चिंचवडला एसकेएफची बेअरिंग. बॉशचा डिझेल इंजेक्शनचा कारखाना नाशकात आहे आणि आपल्याकडे वडापला, बाजाराला, देवदर्शनाला सगळीकडे धावणारी बोलेरोही नाशकातच बनते. असा माल गाडीच्या कंपनीकडे जातो आणि बनवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाने बाजारातही येतो. हाच तो मधला डबा. माझ्या मते भोर-वेल्ह्यातल्या गाडीवाल्याने सगळ्यात आधी याचीच चौकशी करावी.

किमतीत फरक का पडतो? गाडीच्या कंपनीच्या डब्यात पार्टच्या किमतीबरोबर तिची तपासणी, दहा-पंधरा वर्षं सुटे भाग साठवून ठेवायची सोय, डीलरचा नफा आणि कंपनीचा नफा असं सगळं भरलेलं असतं. त्यातलं काही रास्त, काही नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. त्याच उत्पादकाचा डबा म्हणजे आतला माल हुबेहूब तोच, असं दर वेळी नसतं. एकाच मॉडेलला वर्षागणिक वेगळा पॅड, वेगळा बुश असू शकतो. म्हणून ‘बोलेरोचा द्या’ एवढ्यावर थांबू नका. काढलेल्या जुन्या पार्टवरचा नंबर फोनवर टिपून घ्या आणि नव्या डब्यावरच्या नंबराशी किंवा उत्पादकाच्या यादीशी जुळवा. चांगला दुकानदार स्वतःच नंबर विचारतो. जो विचारत नाही, त्याच्याकडून वायपर घ्यावा, ब्रेक नाही.

गैरसमज : बाहेर हात लावला की वॉरंटी संपली

हा समज तालुक्याच्या माणसाला फार महागात पडतो. कंपनीचं मोठं सर्व्हिस सेंटर गाठायचं तर बहुतेकांना पुण्याची वाट धरावी लागते. वेल्ह्याच्या पलीकडच्या वाडीतून जाऊन येऊन अख्खा दिवस मोडतो, आणि गाडी ठेवून घेतली तर दोन. तरी माणसं जातात, कारण ‘बाहेर खोललं तर क्लेम मिळणार नाही’ हे कुणीतरी ठणकावून सांगितलेलं असतं.

वस्तुस्थिती अशी. २०११ साली शमशेर कटारिया नावाच्या ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की गाड्यांच्या कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात येऊच देत नाहीत. चौकशी तीन कंपन्यांपासून सुरू झाली आणि वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यात टाटा मोटर्स, मारुती सुझुकी, महिंद्रा, टोयोटा, होंडा अशी आपल्या अंगणातली बहुतेक नावं होती. दंडाचं प्रकरण पुढे अपिलात आणि न्यायालयात गेलं, तो वेगळा आणि लांबलेला अध्याय. आपल्या कामाचा भाग आदेशातच आहे. ग्राहकाने बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतलं, एवढ्याच कारणावर सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपनीने घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. पार्ट पुरवणाऱ्या कारखान्यांनी खुल्या बाजारात माल विकण्याच्या आड कंपन्यांनी येऊ नये, असंही त्यात होतं.

याचा अर्थ वॉरंटीतली गाडी खुशाल कुठेही खोला, असा नाही. नसरापुरात ब्रेक लायनर बदलले आणि पुढे एसी बिघडला, तर लायनरचं कारण सांगून एसीचा क्लेम नाकारणं टिकणारं नाही. पण बाहेर डिझेल फिल्टर टाकला आणि महिन्याभरात इंजेक्टर गेले, तर भांडण तुमच्या अंगावर येणार, आणि तेव्हा हातात बिल नसेल तर बोलायला जागा उरणार नाही. गाडी वॉरंटीत असेपर्यंत इंजिन, गिअरबॉक्स आणि वायरिंग कंपनीकडेच ठेवावं. चाक, टायर, बॅटरी, वायपर यासाठी दिवस मोडण्यात अर्थ नाही.

गैरसमज : लायनर ते लायनर, ते तर घासायचेच असतात

इथे मात्र मी अडून बसणार.

भोर सोडलं की रस्ता नीरा देवघरच्या पाण्याकडेने हिर्डोशीवरून वरंध्याकडे चढतो आणि पलीकडे महाडच्या बाजूला वळणावळणाने खाली कोसळतो. वेल्ह्याहून पानशेतकडे जाताना पाबे घाट आहे, मांढरदेवीकडे जाताना आंबाडखिंड. सपाट रस्त्यावर ब्रेक क्षणभर लागतो आणि सुटतो. भरलेली पिकअप घाट उतरते तेव्हा तो मिनिटांच्या हिशेबाने घासत राहतो. पॅड आणि डिस्कचं तापमान काही शे अंशांवर जातं. पॅड म्हणजे घर्षण करणारी भुकटी, तंतू, धातूचा चुरा आणि हे सगळं धरून ठेवणारं राळेसारखं रसायन. स्वस्त मालात पहिली कात्री याच मिश्रणाला लागते. ते उष्णतेत सुटायला लागलं की वायू निघतो, पकड कमी होते, आणि ड्रायव्हरच्या भाषेत ‘ब्रेक गरम होऊन उतरतो’. पाय पूर्ण दाबलेला, पेडल घट्ट, तरी गाडी पळतेच आहे. भोरच्या बाजारपेठेत फिरताना हाच पॅड उत्तम वाटतो. त्याची परीक्षा वरंध्याच्या उतारावर होते, आणि तिथे पार्ट परत करायची सोय नसते.

पॅड हातात घेऊन त्याची कड किंवा पाठीची लोखंडी पट्टी बघा. पुष्कळ नामांकित पॅडवर उत्पादकाचं नाव, बॅच नंबर आणि शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर बेताच्या तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे त्याहून वर, ०.५५ पर्यंत. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तापल्यावर पकड घटते, हे पॅड स्वतःच कबूल करतो आहे. काहीच छापलेलं नसेल, तर तो पॅड कुणाचा हे दुकानदारालाही ठाऊक नसतं.

पॅड एका चाकाचा बदलू नका. एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकाच डब्यातल्या मालाने भरा, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. आणि पॅडवर पैसे घालवून ब्रेक ऑइल विसरलात तर सगळं पाण्यात, अगदी शब्दशः. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ‘डॉट ३’ ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० वर येते. ‘डॉट ४’ साठी हेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल मऊ होऊन खाली बसतं. पावसाळाभर धुक्यात आणि ओलीत राहणाऱ्या वेल्ह्याच्या गाडीचं ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावंच. यात ओरिजिनल-लोकलचा वाद नाही. गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड लिहिलाय तो, सीलबंद बाटलीतला. अर्धी वापरून ठेवलेली बाटली नको.

गैरसमज : फिल्टर म्हणजे नुसता कागद

जुन्या डिझेल गाड्यांबद्दल हे निदान बोलायला तरी बरं होतं. आताच्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो आणि इंजेक्टरमधल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजाव्या लागतात. फिल्टरने बारीक कचरा सोडला किंवा पाणी वेगळं केलं नाही, तर काही शे रुपये वाचतात आणि काही हजारांचा इंजेक्टर जातो. डिझेल फिल्टर कंपनीचा किंवा मधल्या डब्यातला, तिसरा विचार नाही. केबिनच्या एसी फिल्टरला मात्र एवढा मान द्यायचं कारण नाही.

गैरसमज : महाग घेतला, म्हणजे खरा मिळाला

डुप्लिकेट बनवणारा कुणा अनोळखी नावाची नक्कल कशाला करेल? तो खपणाऱ्याच नावाची करतो. म्हणून बनावट डबे सगळ्यात जास्त प्रसिद्ध कंपन्यांचेच निघतात, आणि किंमत जरा चढी लावली की गिऱ्हाइकाचा विश्वासही बसतो. पोत्यावर ‘आंबेमोहर’ छापलं म्हणून आतला तांदूळ आंबेमोहर होत नाही, हे भोरकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. फक्त पार्टच्या दुकानात गेल्यावर तो ते विसरतो.

डबा हातात घ्या. कायद्याने त्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क असायला हवा. माल परदेशी असेल तर कुठल्या देशातला, तेही. फिकट छपाई, स्पेलिंगची चूक, खरवडून वर चिकटवलेलं लेबल किंवा डब्यावर एक नंबर आणि पार्टवर दुसरा असं काही दिसलं तर परत ठेवा. क्यूआर कोड किंवा चकाकणारं स्टिकर असेल तर ते दुकानातच, पैसे देण्याआधी तपासा. समोरची काच आणि टायर यांवर आयएसआय चिन्ह बघा. काम झाल्यावर जुना पार्ट आणि नव्याचा रिकामा डबा, दोन्ही मागून घ्या. जुना पार्ट हातात आला की तो खरंच बदलला हे कळतं. रिकामा डबा घरी नेऊन फाडला की त्यात दुसऱ्या कुणासाठी भलताच माल भरला जात नाही. मिस्त्रीला राग येतो का? चांगल्याला येत नाही.

मिस्त्रीची बाजूही बघायला हवी. पुण्याच्या नाना पेठेतून माल आणून देताना त्याचे हेलपाटे होतात, त्यात त्याने चार पैसे ठेवले तर बिघडत नाही. बिघडतं ते त्याने मधल्या डब्याचे पैसे घेऊन चौथा डबा बसवला तर.

गैरसमज : विम्यात पूर्ण पैसे मिळतात, मग ओरिजिनलच टाकू

साध्या पॉलिसीत घसारा कापला जातो. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबरवर ३०. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, म्हणजे पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० आणि त्यापुढे ५०. काचेवर काहीच नाही. म्हणजे सात वर्षांच्या गाडीचा बंपर कंपनीचा घेतला तर निम्मा भार तुमच्याच अंगावर येतो. घसारा न कापणारं ‘झीरो डेप’ असेल तर गोष्ट वेगळी, पण जुन्या गाडीला ते सहसा मिळत नाही.

गैरसमज : जुन्या बाजारातलं काही घेऊच नये

दार, बॉनेट, आरसा, सीट, डिक्कीचं झाकण असा माल पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा भंगारवाल्याकडे बघून घेतला तर काही बिघडत नाही. मोडलेल्या गाडीचं शाबूत दार हे शेवटी कंपनीचंच दार असतं, बनावट नव्या दारापेक्षा फटीत बरं बसतं. पण ब्रेक, स्टिअरिंगचे टायरॉड एंड आणि बॉल जॉइंट, सीटबेल्ट नकोत. त्यांची झीज आणि तडा डोळ्यांना दिसत नाही. जुनं इंजिन घेतलं तर त्याचा नंबर आरटीओत नोंदवावा लागतो, कागद नसतील तर ते कुठून आलं हा प्रश्न पोलीस तुम्हाला विचारतील.

एअरबॅग तर जुनी नको आणि बिनओळखीची नवीही नको. अमेरिकेत ऑक्टोबर २०१२ मध्ये तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने बनावट एअरबॅगची चाचणी करून इशारा दिला होता. काही उघडल्याच नाहीत आणि एकीतून धातूचे तुकडे उडाले. एअरबॅग, एबीएसचे सेन्सर आणि इंजिनचा कंप्युटर यांसाठी पुण्याची चक्कर मारावी, कुरकुर न करता. बेअरिंग, शॉकॲब्सॉर्बर, क्लच प्लेट, ब्रेक यांसाठी मधला डबा पुरतो. बंपर, मडफ्लॅप, दिव्याची काच, मॅटिंग यांना तिसरा चालतो.

आणि बिल पक्कं घ्या. ‘कच्चं घेतलं तर जीएसटी वाचतो,’ हे वाक्य पूर्वी २८ टक्क्यांमुळे मोहात पाडायचं, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के झाला आहे. बिलावर पार्टचं नाव, नंबर आणि उत्पादक लिहून घ्या, नुसतं ‘ब्रेक सेट – १’ नको. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. दोन्हीकडे पहिली मागणी या बिलाचीच होते.